तेवीस उलट

आमच्या गावात कुणी खोटं बोलत नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये. ही एक अडचण आहे आणि ती दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता शाळेच्या मैदानावर उघड व्हायची. ग्रूनफेल्डमधली निम्म्याहून जास्त घरं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची. आम्ही कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही, कारण शपथ घेतली की एरवी आपण खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं. गाय विकायला काढली तर आधी तिची लाथ सांगतो, मग दूध. अशा घरांतली पोरं घेऊन कोच वर्लिन स्टकींना अमेरिकन फुटबॉलमधली सगळ्यात मोठी थाप बसवायची होती.

थाप अशी. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा गडी, चेंडू घेतो, उजवीकडे धावणाऱ्या गड्याच्या पोटाशी नेतो, दिल्यासारखं करतो आणि देत नाही. तो गडी रिकामे हात पोटाशी आवळून समोरच्या गर्दीत घुसतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू मांडीआड लपवून डावीकडून एकटाच बाहेर पडतो आणि मोकळ्या सुटलेल्या कुणाकडे तरी पास फेकतो. बाकी जगात या डावाला बूटलेग म्हणतात, म्हणजे बुटात दडवून नेलेली दारू. आमचे कोच चर्चचे डीकन, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक. त्यामुळे आमच्या वहीत त्याचं नाव 'तेवीस उलट'.

मी गेलन उनरू. वय पंचवीस. शाळेत पोरांना गाडी चालवायला शिकवतो आणि दुपारनंतर क्वार्टरबॅकना खेळायला. दोन्हीकडे काम तेच, घाबरलेल्या पोराच्या शेजारी शांत चेहऱ्यानं थांबायचं.

सरावाची पद्धत कोचची स्वतःची होती. समोरच्या संघाच्या जागी मला पाठ करून उभं करायचे. डाव सुरू झाला की मी वळायचं आणि चेंडू कुणाकडे आहे ते सांगायचं. बरोबर सांगितलं तर पोरांनी मैदानाच्या दहा फेऱ्या मारायच्या. मी मुद्दाम चुकीचं सांगू शकलो असतो, पण मीही याच गावचा. पोरं तीन आठवडे पळत होती.

दोष बराचसा डेल क्रेबिलचा. हा आमचा क्वार्टरबॅक, उंच आणि आज्ञाधारक. चेंडू लपवला की त्याच्या चेहऱ्यावर समोरच्या संघाची माफी मागितल्याचा भाव यायचा. शेवटी कोच त्याला बाजूला घेऊन म्हणाले की आजोबांची शवपेटी खड्ड्याशी नेऊन ठेवलीस, त्यानंतर तुझे हात कसे लोंबत होते ते आठव. डेलनं आठवलं. त्या दिवसापासून डेलचे हात रिकामे दिसायला लागले, चेंडू असतानाही.

राहिला पळणारा गडी. कोचचं म्हणणं, खरी थाप तोच मारतो, क्वार्टरबॅक नुसता चालत जातो. पण दोघं चांगले धावणारे या कामाला निकामी ठरले. चेंडू नाही म्हटल्यावर त्यांची धाव मनापासून होईना. तिसरा होता टायटस एडिगर. त्रेसष्ट किलो, वेग बेताचा. चेंडू हातात दिला तर तो दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखा धावायचा आणि पाचातून तीनदा ते मूल पाडायचा. नाइलाज म्हणून कोचनी त्याला रिकाम्या हातानं पळवलं. मी वळलो, टायटसकडे बोट दाखवलं आणि चुकलो. कोचनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा चुकलो. त्या दिवशी कुणी फेऱ्या मारल्या नाहीत आणि तेवीस उलटमधली ती जागा कायमची टायटसची झाली.

आमच्याकडे मॅच बघायला लोक पिकअप घेऊन येतात आणि मैदानाच्या कुंपणाला नाक लावून ओळीनं उभ्या करतात. डाव जमला की हॉर्न वाजवायचा. दक्षिणेच्या टोकाला निळी पिकअप असायची, ती टायटसच्या वडिलांची. ऑर्लिनकाकांनी बावीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. वसंतात त्यांच्या डोक्यात गाठ निघाली आणि नजर आक्रसत गेली. पाइपातून बघावं तसं मधलं गोल तेवढं त्यांना दिसायचं. गाडी आणायच्या व्हेल्माकाकू. कुंपणाशी पोचलं की दोघं जागा बदलायचे, कारण हॉर्न स्टिअरिंगवर असतो.

त्या गोलात काका फक्त टायटसला धरून ठेवायचे. डेल कुठं गेला हे त्यांना दिसायचं कारण नव्हतं. पहिल्या मॅचला टायटस घुसला, चार जण त्याच्यावर पडले, तो दिसेनासा झाला, आणि निळ्या पिकअपचा हॉर्न जो वाजला तो थांबेना. समोरच्या संघात ज्यांची अजून खात्री पटली नव्हती त्यांचीही पटली. डेलनं दुसऱ्या टोकाला निवांत पास फेकला, आमच्या कर्ट व्होथनं तो शेवटच्या रेघेपलीकडे झेलला, टचडाऊन, सहा गुण. मग सगळ्याच गाड्या वाजल्या आणि काकांना वाटलं, टायटससाठी.

रविवारी चर्च आटोपल्यावर कोच आणि मी मॅचची फिल्म बघायला बसलो. हॉर्न ऐकून समोरचे किती गडी वळले ते कोचनी मोजलं. दोन. त्यांनी वही उघडली, तेवीस उलटच्या आकृतीत अकरा गोल होते, त्यांच्या खाली काळजीपूर्वक एक छोटी पिकअप काढली.

सातातल्या पाच मॅच आम्ही त्या आकृतीवर जिंकलो.

ऑक्टोबर सरता सरता टायटस गाडी शिकायला माझ्याकडे होता. गव्हाच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर, आरशाकडे बघत, त्यानं सांगितलं की त्याला झोप येत नाही. घरी जेवताना बाबा विचारतात, आज किती यार्ड? तो सांगतो, चार. चार यार्ड तो गेलेला असतोच. चेंडू होता का, असं बाबांनी कधी विचारलेलं नाही. आमच्याकडे याला खोटं म्हणत नाहीत, पण खरंही म्हणत नाहीत. शेवटची मॅच शुक्रवारी होती आणि त्यानंतरच्या सोमवारी काकांना विचिटाच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. ऑपरेशननंतर नजर, बोलणं, ओळख यातलं काय उरेल याची डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. बाबांना दिसतंय तोवर टायटसला एकदा खराखुरा चेंडू घेऊन पळायचं होतं.

मी ते कोचच्या कानावर घातलं. कोचनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, पोर चेंडू पाडतं हे तू बघितलंयस. आणि ज्या दिवशी त्याच्याकडे खरंच चेंडू असेल, त्या दिवशी ते आंधळ्यालाही कळेल. मग कुणाबद्दल बोलतोय हे लक्षात येऊन त्यांनी चष्मा परत लावला. पण नाही म्हणजे नाही.

मग टायटसनं दुसरा मार्ग धरला. बुधवारी मी त्याला घरी सोडायला गेलो, तर व्हेल्माकाकूंनी मलाही टेबलाशी बसवलं. व्हेरेनिके होते, चीज भरून उकडलेल्या करंज्या, वर पांढरी ग्रेव्ही. प्रार्थना झाली, आणि पहिला घास घ्यायच्या आधी टायटसनं सगळं सांगून टाकलं.

ऑर्लिनकाकांनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे चेंडू नसतोच?"

"नसतो, बाबा."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"आणि ते चौघं अंगावर पडतात ते?"

"ते खरं आहे."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी सांगितलं की काका, तुमच्या हॉर्नचा संघाला फार उपयोग होतो. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या ताटातली ग्रेव्ही थंड झाली. काकांनी मान हळूहळू वळवत मला त्यांच्या गोलात आणलं.

"म्हणजे दोन महिने मी खोटं वाजवतोय."

"नकळत, काका."

"आता कळलं ना."

आणि त्यांनी ग्रेव्ही मागितली. टायटसला त्या रात्री झोप लागली, असं काकूंनी नंतर सांगितलं. काकांना लागली नाही.

हे मी कोचना सांगितलं. त्यांना पोराची काळजी होती आणि हॉर्नचीही. कुठली जास्त, ते मी विचारलं नाही. गुरुवारी चर्चबाहेर तीन डीकनांची पाऊण तास चर्चा झाली. एकाचं म्हणणं, पोरगं धावतंय म्हणून हॉर्न वाजवला तर त्यात पाप नाही. दुसऱ्याचं म्हणणं, त्या हॉर्नचा अर्थ 'चेंडू याच्याकडे आहे' असाच होतो, म्हणजे ती खोटी साक्ष. तिसऱ्याच्या गाडीचा हॉर्न बंद होता, त्यामुळे त्याचं मत तटस्थ. अखेर डाव पुरा होईपर्यंत कुणीच वाजवायचा नाही असं ठरलं. चौथे डीकन खुद्द कोच. त्यांनीही मान डोलावली.

शुक्रवारी वारा होता. समोर साउथ प्रेअरीचा संघ. त्यांचा मधला बचावपटू गोठ्याच्या दाराएवढा होता आणि त्याला थांबता येत होतं, ही मोठी वाईट गोष्ट. आम्ही तेवीस उलट दोनदा खेळलो. दोन्ही वेळा हॉर्न वाजला नाही, दोन्ही वेळा तो दरवाजा जागेवर थांबला, टायटसकडे नीट बघून घेतलं आणि जाऊन डेलला आडवा केला.

शेवटी सात सेकंद उरली. आम्ही चार गुणांनी मागं, टचडाऊनची रेघ सहा यार्डांवर, चौथा आणि अखेरचा प्रयत्न. कोचनी वही चाळली. चाळण्यासारखं तीत काही नव्हतं. त्यांनी तेवीस उलटच सांगितलं. जागेवर जाताना टायटसनं एकदा दक्षिणेकडे बघितलं. निळी पिकअप गप्प उभी होती.

डाव सुटला. डेलनं चेंडू टायटसच्या पोटाशी नेला आणि काढून घेतला. टायटसनं रिकामे हात आवळले, आणि त्याच क्षणी हॉर्न वाजला. आजवर तो टायटस दिसेनासा झाल्यावर वाजायचा. या वेळी कुणी त्याला हात लावायच्या आधी वाजला. दरवाजा जागचा हलला. पाच जण टायटसवर पडले. डेल डावीकडून फिरायला निघाल्यासारखा गेला, कर्टकडे पास फेकला, आणि कर्टच्या आसपास फक्त वारा होता. सगळ्या पिकअप वाजायला लागल्या.

मग आम्हाला रेफरी दिसला. तो त्या ढिगाऱ्याशी ओणवा होऊन एकेक पोर बाजूला करत चेंडू शोधत होता. तोंडात शिट्टी. ती त्यानं टायटस पडला तेव्हाच वाजवली होती. शिट्टी वाजली की खेळ थांबतो, आणि ती वाजली तेव्हा चेंडू डेलच्या मांडीआड होता. टचडाऊन रद्द.

रेफरी कोचपाशी आला. शेजारच्या गावचा, लुथेरन पंथाचा, पण प्रामाणिक. म्हणाला, चूक माझी, चेंडू त्याच्याकडेच आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं, आणि तो हॉर्न. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. शपथेबद्दलही नाही. नियमाप्रमाणे तोच प्रयत्न पुन्हा मिळाला आणि सात सेकंद परत लावली गेली.

कोचनी टायटसला बोलावलं. ओठ फुटला होता, दातांत गवत.

"आता ते सगळे डेलच्या मागं जातील," कोच म्हणाले. "तुझ्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. घेशील?"

"खराखुरा?"

"खराखुरा."

टायटसनं हात पँटला पुसले. ती चिखलानं भरली होती, म्हणून मग माझ्या पँटला पुसले.

कोच म्हणाले तसंच झालं. दरवाजा आणि त्याचे सगळे सोबती डेलच्या मागं धावले आणि त्याला पाण्याच्या पिंपापर्यंत नेऊन पाडलं. टायटसच्या दोन्ही हातांत चेंडू होता आणि समोर मोकळं मैदान. चालत गेला असता तरी पोचला असता. पण दोन महिने तो चार यार्डांपुढं कधी गेलाच नव्हता. तिथं आल्यावर त्यानं सवयीनं मान खाली घातली, खांदा पुढं केला आणि धक्क्याची वाट बघितली. धक्का आला नाही. आतून कडी लावलीय असं समजून दाराला खांदा द्यावा आणि दार नुसतं लोटलेलं निघावं, तसा तो पुढच्या पुढं आडवा झाला. रेघेच्या अर्धा यार्ड अलीकडे. चेंडू पडला नाही, याची नोंद व्हावी.

कुठलाच हॉर्न वाजला नाही. आपण जिंकलो हे साउथ प्रेअरीच्या पोरांनाही जरा वेळानं कळलं.

टायटस तडक निळ्या पिकअपकडे गेला. त्याच्या ओठासाठी ओला टॉवेल घेऊन मी मागोमाग. काका काच खाली करून बसले होते.

"किती?"

"साडेपाच."

"चेंडू होता?"

"होता, बाबा. या वेळी होता."

"दिसत होता. काचेचं भांडं धरावं तसा धरला होतास."

टायटसनं माझ्याकडून टॉवेल घेतला, तो ओठाला लावायचा विसरून तसाच हातात धरला. म्हणाला, हॉर्न नाही वाजवलात.

"तुझ्याकडे होता ना. मग त्यात माझं काय काम?" काका म्हणाले. "आधीचं चांगलं होतं. त्यात मीही होतो."

रविवारी चर्चमध्ये, कुणाला काही कबूल करायचंय का, असं वडीलधाऱ्या पास्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. नेहमीप्रमाणे कुणाला काही नसतं. ऑर्लिनकाका बाकाला धरून उभे राहिले. म्हणाले, दोन महिने अजाणता वाजवला, त्याचं सोडा. शुक्रवारी पोराच्या हातात काही नाही हे पक्कं माहीत असताना मी हॉर्न वाजवला. सभेनं रिवाजाप्रमाणे माना हलवून क्षमा केली. पास्टरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, केल्याचा पश्चात्ताप होतो ना, ब्रदर एडिगर?

"नाही," काका म्हणाले.

याच्यापुढं काय म्हणायचं असतं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. पास्टर उभे, काका उभे, काकू मांडीवरच्या हातांकडे बघत बसलेल्या. मग पुढच्या बाकावरून कोच उठले, घसा साफ केला आणि पुढच्या भजनाचा पान नंबर सांगितला. तो चुकीचा होता. आम्ही सगळ्यांनी ते पान काढलं आणि तिथं जे होतं ते गायलो.