सुसाट नेट

क्रांतीनं जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड घरीच बदललं. नवरा उदयसिंह मोबाईलचा टॉर्च धरून नुसता "जपून, जपून" करत होता. तिनं दोन बारीक वायरी नव्या कार्डाला जोडल्या, झाकण लावलं आणि नेट सुसाट पळालं.

उत्साहाच्या भरात उदयसिंहानं शिरोळच्या बाळाबाई आत्याला व्हिडिओ कॉल लावला. एरवी चित्र अडकायचं आणि तो लगेच सुटायचा. आज आत्याला सगळं लख्ख दिसलं.

"पोट किती सुटलंय रं! तालमीत जातोस का न्हाय?"

"आत्या, आवाज तुटतोय..."

"कुठं तुटतोय? तुझा श्वास बी ऐकू येतोय की!"

उदयसिंह तासभर पोट आत ओढून ताठ बसला. स्वयंपाकघरात क्रांती ओढणी तोंडाशी धरून हसत होती.