सीलबंद वेण्या

एकतीस वर्षांच्या नोकरीत आजोबांच्या हातचं एकही पार्सल वाटेत फुटलं नव्हतं. पार्सल कचेरीत त्यांचं काम एवढंच, की आलेल्या वस्तूला कापड गुंडाळायचं, सुतळी आवळायची आणि गाठीवर लाख ओतून पितळी शिक्का मारायचा. लोक त्यांना सीलसाहेब म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठीमागे हसून. आजोबांना दोन्हीकडून आदरच ऐकू येई. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि शिक्का त्यांनी आपणहून आणला. त्याला चोरी म्हणवत नाही, कारण तोवर कचेरीत सगळा कारभार चिकटपट्टीवर आला होता.

पुढे त्यांचा मुलगा घर सोडून गेला. चिठ्ठी ठेवून गेला, पण चिठ्ठीला साधी घडीसुद्धा घातली नव्हती, याचं आजोबांना जास्त वाईट वाटलं. मागे उरली सून आणि सहा वर्षांची नात, चिमी.

"राहा," आजोबा सुनेला म्हणाले. "घर माझं आहे. शिस्त तेवढी पाळायची, बाकी माझं काही म्हणणं नाही."

सून राहिली. दुसरीकडे जायची सोय असती तर तिने या वाक्याचा विचार केला असता. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती, पहाटे साडेपाचला घराबाहेर पडे. त्यामुळे चिमीचं डोकं आपोआप आजोबांच्या ताब्यात आलं.

डोकं लहान होतं, केस मात्र कमरेच्या खाली पोचत. ते कापायचे नाहीत हा सुनेचा एकुलता एक हट्ट. बाकीचे हट्ट तिने नवऱ्याबरोबर जाऊ दिले होते. शाळेचा नियम असा, की मुलींनी दोन वेण्या घालून त्या रिबिनीने वर बांधायच्या. बट सुटलेली दिसली की डायरीत लाल शेरा. पहिल्या आठवड्यात तीन शेरे आले. सून हळूच म्हणाली, "बाबा, तेवढं जरा बघाल का?"

आजोबांनी बघितलं. त्यांनी चिमीला पाटावर बसवलं, तिच्या पाठीला गुडघा लावला आणि तिच्या केसांचा पार्सल म्हणून विचार केला. वेणी पुरेशी घट्ट झाली की नाही, हे ओळखायची त्यांची साधी युक्ती होती. चिमीला डोळे मिटायला सांगायचं. सहज मिटले, तर वेणी सोडून पुन्हा घालायची.

शेरे थांबले. उलट वर्गातल्या बाईंनी चिमीला फळ्यापुढे उभं केलं आणि डावीकडून, उजवीकडून, मागून फिरवून दाखवलं. "बघा. याला म्हणतात टापटीप."

चिमी दिसतही होती हुशार. भुवया अशा वर ओढलेल्या, की तिला सगळंच नवीन वाटतंय असं बघणाऱ्याला वाटे.

महिन्याभराने एका दुपारी आजोबांनी घरी आलेली वेणी हातात घेतली आणि चष्मा चढवला. गाठ त्यांची नव्हती. रिबीन नीट घडी करून बांधलेली, केस विंचरलेले, एकही बट बाहेर नाही. पण गाठ त्यांची नव्हती.

"कोणी सोडली?"

"आपोआप सुटली," चिमी म्हणाली.

"आपोआप दूध नासतं. माझी गाठ सुटत नाही."

खरं असं होतं, की शाळेच्या जिन्याखाली बादल्या आणि फडकी ठेवायची जागा होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत चिमी तिथे थंड भिंतीला डोकं टेकवून उभी होती. फरशी पुसणाऱ्या मावशीने विचारलं, "काय गं, भिंतीशी काय बोलतेस?" चिमी म्हणाली, "डोकं दुखतंय." मावशीने वेण्या बघितल्या. "अगं बाई. तुझ्या घरी काय खलाशी आहेत काय?" मग तिने फडक्याला हात पुसले, वेण्या सोडल्या, बोटं केसांत घालून डोकं चोळलं आणि घंटा व्हायच्या आत पुन्हा वेण्या घातल्या. सगळी मिळून आठ-दहा मिनिटं. त्यानंतर चिमी रोज सकाळी पाटावर बसली, की तिथून त्या मिनिटांपर्यंतच्या तासिका मोजायची. चार.

हे सांगितलं तर बंद होणार, एवढं तिला कळत होतं. सहा वर्षांत माणूस बरंच शिकतो.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी लाखेची कांडी काढली. दोन्ही रिबिनींच्या गाठींवर लाल लाख ओतून शिक्का दाबला. एक थेंब मानेवर पडला तेव्हा चिमीने आवाज केला.

"पार्सल ओरडत नाही," आजोबा समजुतीने म्हणाले आणि फुंकर घातली. लाखेवर. "संध्याकाळी सील तपासणार. धावायचं नाही, वाकायचं नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही."

संध्याकाळी सुनेने सील बघितलं. "हे काय, बाबा?"

"तुला परत लाल शेरे पाहिजेत?"

सुनेने तव्यावरची भाकरी उलटली. शेरे तिला नको होते. इतर गोष्टींचा विचार तिने सुट्टीच्या दिवसावर ढकलला.

शाळेत मुलांनी चिमीचं नाव 'पार्सल' ठेवलं. "कुठे पाठवायचंय तुला?" एकाने विचारलं आणि पाठीवर तिकीट लावल्यासारखी थाप मारली. त्याचं चिमीला फारसं काही वाटलं नाही. मधल्या सुट्टीत मावशीने हाक मारली तेव्हा मात्र ती नळाजवळच थांबली. मावशीने दोनदा बोलावलं. चिमीने दोन्ही वेण्या मुठीत धरल्या आणि मान हलवली.

"रुसलीस होय माझ्यावर? बरं बाई," मावशी म्हणाली आणि बादली उचलून गेली.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चिमी स्वतःच जिन्याखाली गेली. तिने सील दातांनी फोडलं, तुकडे कंपासपेटीत ठेवले आणि डोकं मावशीच्या मांडीवर दिलं. मग मावशीने बांधलेल्या गाठीवर तिने ते तुकडे गोंदाने चिकटवले. शिक्का उलटा बसला.

आजोबांनी भिंग लावून पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. निवृत्तीनंतर इतकं चांगलं प्रकरण त्यांच्या हाती आलं नव्हतं. ते अजिबात रागावले नाहीत. त्यांनी चिमीला शेजारी बसवलं आणि आवाजात साखर घोळली.

"कोण घालतं गं इतकी छान वेणी?"

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, खरंच. माझं वय झालं, मला काही असं जमत नाही. जी कोण आहे तिच्याकडून शिकावं म्हणतो."

"तुम्ही शिकणार?"

"शिकायला वय लागत नाही."

चिमीने जरा विचार केला आणि मग तिचा चेहरा इतका उजळला, की दुसऱ्या कोणाला ते बघवलं नसतं. आजोबांना बघवलं. "पाण्याच्या नळाशेजारच्या मावशी. फरशी पुसतात त्या. जिन्याखाली." ती उठून आजोबांच्या मागे गेली. "मी दाखवते. आधी सोडायचं. मग लगेच विंचरायचं नाही, नुसते हात ठेवायचे. असे. मग बोटं हळूहळू फिरवायची. आणि बोलायचं नाही काही. त्या बोलत नाहीत."

आजोबांच्या टकलावर तिची बोटं बराच वेळ फिरली. त्यांनी तेवढ्या वेळात मनातल्या मनात अर्ज जुळवला.

अर्ज त्यांनी मोठ्या बाईंच्या नावे लिहिला. 'आपल्या शाळेतील एक सफाई कर्मचारी माझ्या नातीस मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकटीस नेऊन तिला हात लावते, व ही गोष्ट घरी कळू नये अशी तजवीज करण्यात येते. पुरावा सोबत जोडला आहे.' पुरावा म्हणजे गोंद लावलेली लाख. अर्जातला एक शब्दही खोटा नव्हता. आजोबा खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते.

मोठ्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि त्या घटाघटा पाणी प्यायल्या. ते मावशीनेच भरून ठेवलेलं होतं. मग त्यांनी तिला बोलावलं.

"तू त्या मुलीला हात लावलास?"

"केस विंचरले, बाई. डोकं दुखत होतं पोरीचं."

"जिन्याखाली?"

"मग कुठे? वर्गात बसायला मला खुर्ची आहे का?"

"उलट बोलू नकोस. लेखी तक्रार आहे."

मावशीची बाजू तोंडी होती. दुपारपर्यंत तिने फडकी, बादली आणि जिन्याखालची किल्ली परत केली. वर्गातल्या बाई म्हणाल्या, हल्ली कोणावर विश्वास ठेवायचा हेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी न बोलावता पाटावर येऊन बसली. मान सैल सोडून, डोळे आधीच मिटून. आजोबांनी पाठीला गुडघा लावला.

"असं नाही," ती म्हणाली. "आधी नुसते हात."

"सरळ बस."

"विसरलात का? परत विचारा ना त्यांना."

"त्यांना काढून टाकलं."

चिमीने डोळे उघडले. "का?"

"दुसऱ्याचं सील सोडलं की माणसाची नोकरी जाते. कायदा आहे."

त्या दिवसापासून सील शाबूत यायला लागलं. आजोबा रोज संध्याकाळी भिंगातून बघत आणि "शाबास" म्हणत. महिनाअखेरीस शाळेने चिमीला टापटिपीचं पहिलं बक्षीस दिलं. जिन्याखाली आता नवी बाई होती, आणि कोणत्याही मुलीला हात लावायचा नाही असं तिच्याकडून लिहूनच घेतलेलं होतं.

मग कारखान्यातले ओव्हरटाइमचे रविवार संपले आणि सुनेला सुट्टीचा दिवस मिळाला. सीलला मात्र रविवारची सुट्टी नव्हती. तिने चिमीला न्हाऊ घालायला पाणी तापवलं, तेल कोमट केलं आणि तिला पुढ्यात घेतलं. कपाळाच्या कडेला केसांखाली बारीक पुरळ होता, आणि मानेवर लालसर डाग. सुनेने डागावर तेलाचं बोट फिरवलं. मग तिने सील सोडायला नख लावलं.

चिमीने दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरल्या.

"सोड गं राणी. तेल लावते."

"नको, आई. तू नको सोडू."

"का बरं?"

"सोडणाऱ्याला काढून टाकतात."

सून हसली. "वेडी कुठली. मला कोण काढणार?"

चिमीने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत आजोबा पेपर वाचत होते. पेपर डोळ्यांपुढे होता, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"आजोबा," ती कुजबुजली.

सुनेचं नख लाखेवरच थांबलं. तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली, चिमीचे फक्त हातपाय धुतले आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, हिचं डोकं तेवढं तुम्ही सोडून देता का?"