खालच्या टोकावरचे आडनाव

मी एक जुने धनुष्य आहे. मित्रांनो, भिंतीवर टांगलेले पाहून माझी कीव करू नका. मला कीव मुळीच खपत नाही.

जपानमधल्या मियाकोनोजो गावात, कुरोगींच्या मागच्या पडवीत, भर थंडीत माझा जन्म झाला. मला घडवणारा सदाकिची या घरचा घरजावई. लग्नात त्याने आपले नागातोमो हे आडनाव सोडून बायकोचे घेतले. आमच्याकडे तशी रीतच आहे. सासरे गोनबेई नावाजलेले कारागीर. सात वर्षे त्यांनी जावयाला नुसता बांबू भाजायला लावला. शेवटी म्हणाले, "एक बनव. टिकलं तर त्यावर कुरोगी नाव कोर. नाही टिकलं, तर तुझी वाट तुला मोकळी."

लाकडाच्या नि बांबूच्या पट्ट्या हरणाच्या कातड्याच्या सरसाने चिकटवायच्या, वरून दोरी गुंडाळायची आणि सरस गार होण्याआधी दोरीत पाचरी ठोकून बाक आणायचा. शंभरावर पाचरी. असे ठोकल्यावर तुम्हीही चिडाल.

"जावईबापू, चुलीसाठी लाकूड झकास जमलंय हं," सासरे म्हणाले.

सरस ढवळणारी त्यांची मुलगी, सदाकिचीची बायको चिसे, म्हणाली, "बाबा, बोलून झालं असेल तर बाजूला व्हा. सरस गार होतोय."

वसंतात म्हाताऱ्याने मला दोरी चढवली, पूर्ण ताणले आणि बाण न लावताच सोडून दिले. बाणाला मिळायचा सगळा जोर अशा वेळी आमच्याच अंगात शिरतो. नवे धनुष्य बहुधा फुटतेच. त्यांना हे माहीत नव्हते असे समजू नका. याच चुकीसाठी त्यांनी कितीतरी नवशिक्यांना हाकलले होते. मला भयंकर वेदना झाल्या. पण सदाकिचीचा सरस सुटला नाही.

गोनबेईंनी मला वरपासून खालपर्यंत चाचपले. "टिकलंय. कोर नाव."

सदाकिचीने खालच्या टोकावर नाव कोरले आणि दोन्ही हातांनी मला पुढे केले. म्हाताऱ्याने वाचले. नागातोमो.

"हे काय?"

"माझं आडनाव. परत घेतलंय."

"अरे, मी फक्त तपासून पाहिलं."

"तपासलं नाहीत. तुम्हाला ते मोडायचं होतं, मामा."

आजवर तो त्यांना बाबा म्हणत असे. चिसेने तोवर पायात चपला चढवल्या होत्या.

ते दोघे गेले, मी राहिलो. गिऱ्हाईके माझ्यावरून हात फिरवतात आणि विचारतात, "काम काय सुरेख आहे हो! हा नागातोमो कोण?" गोनबेई सुरीला धार लावत बसतात. पावसाळी दमट दिवसांत मला पुसताना मात्र पुटपुटतात, "मोडलं तर नाही ना काही."

मित्रांनो, रिकामी दोरी कधी सोडू नका. मी मोडलो नाही, हे खरे. पण या घरात आता जेवायला एकच पान मांडतात.