भिंतीला टाका

रुक्मिणबाईचा भूकंपाआधीही कुणावर फारसा भरवसा नव्हता. भूकंपानंतर तर तिनं जमिनीवरचाही काढून घेतला. मग हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आलेल्या पोरगेल्या इंजिनिअरवर ती काय विश्वास ठेवणार! औशापासून दोन कोसांवरच्या त्या गावात गेल्या आठ महिन्यांत इतकी माणसं मोजमाप करून गेली होती, की कुणी खिशातून टेप काढला तरी तिचं टाळकं सरकायचं.

हा नवा इंजिनिअर मुनीब नावाचा. शेजारच्या भामाबाईनं त्याची कुंडली आधीच काढून ठेवली होती.

"लातूरच्या क्लासात शिकलंय म्हणं. गणितात पैकीच्या पैकी. मग नांदेडला जाऊन इंजिनिअर झालं."

"झालं असंल. पर आपल्या सागवानी तुळयांकडं कसा टकामका बघतो, ते बघितलंस का?" रुक्मिणबाई म्हणाली.

तुळयांवर डोळा असल्याशिवाय कुणी फुकट सिमेंट देतं, हे तिला पटतच नव्हतं. जी घरं पडली नव्हती ती मजबूत करून द्यायची, अशी सरकारची योजना होती. माळवदावरची हातभर माती उतरवायची, दगडी भिंतींत आरपार भोकं पाडायची, त्यांत सळई घालून काँक्रीट भरायचं. त्यासाठी एक फॉर्म भरायचा आणि अंगठा द्यायचा. शनिवारी यादी बंद होणार होती.

रुक्मिणबाईच्या घराची मागची खोली भूकंपात बसली होती, पुढचं घर भेगा मिरवत उभं होतं. त्यात पाऊल टाकायला कुणी धजत नव्हतं. सगळा संसार अंगणातल्या पत्र्याच्या शेडात. सून गीतांजलीला आठवा महिना लागलेला, आणि मे महिन्याच्या उन्हात पत्रा असा तापायचा की पोरीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मृगाचा पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. बाळंतिणीला ठेवायचं कुठं, गळक्या पत्र्याखाली की तडकलेल्या माळवदाखाली, हा घोर रुक्मिणबाईला आतून पोखरत होता. आणि तरीही ती फॉर्म भरू देत नव्हती.

पहिल्या दिवशी मुनीबनं उभ्याउभ्याच तिला भाराचा हिशोब, धक्क्याची दिशा आणि भिंतीची जाडी असं सगळं ऐकवलं. त्याचं बोलणं छापील होतं. तिनं ते कसंबसं ऐकून घेतलं. मग त्यानं पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "बाई, या घरात किती माणसं झोपतात?"

रुक्मिणबाई उठली आणि तिनं कोपऱ्यातला खराटा हातात घेतला. "निघ हितून. आधी निघ!"

मुनीबला वाटलं, म्हातारी काहीतरी लपवतेय, एका घराची दोन घरं दाखवून दुप्पट सिमेंट लाटायचा बेत असेल. त्यानं फॉर्मवर 'माहिती देण्यास नकार' असं लिहिलं आणि जाताना भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकला. तो वळणावर पोचायच्या आत तिनं नंबरावर शेणाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तोच खराटा आणि पुन्हा शेण.

"आत्याबाई, सांगून टाका की," गीतांजली काकुळतीला आली. "चार माणसं हाव आपण. त्येवढं सांगायला काय जातंय?"

काय जातंय, ते रुक्मिणबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. विसर्जनाच्या रात्री, पहाटे भूकंप झाला तेव्हा ती अंगणात होती म्हणून वाचली. लेक आणि सून औशाला पाहुण्यांकडं गेले होते. उजाडल्यावर ढिगारे उपसणारी माणसं आली, आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. आत किती माणसं झोपली होती? तिनं सांगितलं, "एकच. मालक." शेंडेफळ गोलू, नऊ वर्षांचा, गणपतीच्या पोरांसोबत मारुतीच्या देवळात निजतो म्हणून सांगून गेला होता. त्या माणसांनी मधल्या खोलीतून तिच्या नवऱ्याला, दगडोबाला, मोडक्या पायानिशी बाहेर काढलं, आणि ते लोक शेजारच्या घराकडं वळले. गोलू मागच्या खोलीत दुसऱ्या दिवशी सापडला. पोराला आपल्या गादीशिवाय झोप यायची नाही. तो रात्री कधीतरी गुपचूप घरी आला होता.

शुक्रवारी मुनीब तिसऱ्यांदा आला. फॉर्मांचा गठ्ठा त्यानं सायकललाच अडकवून ठेवला होता, आणि उन्हानं त्याचा चेहरा उतरला होता. रुक्मिणबाईनं खराट्याकडं हात नेला, पण नेमकं गीतांजलीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि पाणी पिणाऱ्याला मारायचं कसं? तो शेडाच्या सावलीत टेकला. शेजारी गाद्यांची चळत होती. सगळ्यात वरच्या गादीच्या कोपऱ्यावर त्याचा हात गेला आणि तिथंच थांबला.

"हा टाका आमच्या अब्बाचा हाय," तो म्हणाला. छापील बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"कोण अब्बा?"

"पाशामियाँ. औशाचे पिंजारी."

रुक्मिणबाईनं डोळे बारीक केले. पाशामियाँनं वीस वर्षं तिच्या घरच्या गाद्या भरल्या होत्या. पण हे पोरगं कुणाकडून ऐकून आलं नसेल कशावरून?

"पाशामियाँचा हायस तर सांग, त्यो कापूस पिंजाया बसला की मी आदी काय करायचे?"

"पाण्याच्या घागरी झाकायच्या," मुनीब लगेच म्हणाला. "न्हाई तर कापूस उडून पाण्यात पडायचा. मी अब्बासंगं यायचो, मावशी. तुम्ही मला गूळ-शेंगदाणे द्यायच्या. पुढं क्लासला गेलो, अन् हे सगळं सांगायची लाज वाटाया लागली."

रुक्मिणबाईनं खराटा पायानं कोपऱ्यात सारला. मुनीबनं गादीवरून हात फिरवला.

"मावशी, गादीला टाका घातला न्हाई तर काय हुतं?"

"काय हुनार! कापूस सरकतो, गोळा हुतो. गादीचं पोट सुटतं."

"तुमच्या भिंतीला टाका न्हाई. बाहीरचा दगड येगळा, आतला येगळा, मधी नुसता चिखल. हालली की पोट सुटतं अन् माळवद खाली येतं. मला भोकं पाडून टाके घालायचेत, एवढंच हाय."

ती घराकडं बघत राहिली. जन्मभर वाकळा शिवलेल्या बाईला हे आणखी समजावून सांगावं लागलं नाही. तिला रागच आला, त्याचा नाही, एवढं सोपं असलेलं आजवर कुणी न सांगितल्याचा.

"मंग पयल्याच दिवशी असं सांगायला तुजी जीभ झडली हुती काय?"

"क्लासात सर म्हणायचे, भाषेला पासापुरते मार्क पुरे. मी तसंच केलं, मावशी." तो कसानुसा हसला. मग वडील प्रत्येक दारात विचारायचे तसं त्यानं विचारलं, "गाद्या किती पडतात घरात?"

"पाच," रुक्मिणबाईच्या तोंडून निघून गेलं. "एक बारकी."

गीतांजलीनं चमकून वर बघितलं. मुनीबनंही बघितलं, पण त्यानं बारकी कुणाची ते विचारलं नाही. तो विचारत नाही हे बघून तिला आधी संशय आला, आणि मग एकदम रडू फुटलं.

"त्या दिशी मला इचारलं, आत किती हायत. मी एक सांगितलं रं. दोन व्हते, माजा गोलू बी आत व्हता. माज्या तोंडानं मी एक सांगितलं."

लिंबाखाली बसलेल्या दगडोबानं मान वळवली. काठी टेकत तो लंगडत आला आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसला.

तिचं रडणं ओसरल्यावर मुनीबनं हळूच विचारलं, "कुठं निजायचा त्यो?"

रुक्मिणबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती उठली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती घराचा उंबरा ओलांडून आत गेली. मुनीब तिच्यामागं गेला. मागच्या खोलीकडच्या भिंतीशी ती थांबली आणि तिनं दगडावर हात ठेवला.

"ह्याच्या पलीकडं. पयला टाका हितं घाल."

मुनीबनं खडूनं तिथं फुली मारली. ह्या वेळी तिनं ती पुसली नाही. बाहेर येऊन त्यानं सायकलवरचा फॉर्म काढला आणि माणसांच्या रकान्याशी पेन थांबवलं.

"चार लिहू?"

"पाच लिही," रुक्मिणबाई म्हणाली. तिनं गीतांजलीच्या पोटाकडं एकदा बघितलं. "बारकी आता लागंलच."

मग तिनं अंगठा दिला. त्याची शाई वाळायच्या आत तिनं मुनीबला बजावलं, की तुळया सतरा आहेत, तिनं मोजून ठेवल्यात, आणि काम झाल्यावर ती पुन्हा मोजणार आहे.