चुलीमागच्या बाया

मातीची बाई दिसली की डॉ. ब्रेमरना ती देवीच वाटायची. मेक्सिकोहून आलेल्या त्या वीतभर बाहुल्यांत कुणी कडेवर पोर घेतलेली, कुणी मका वाटणारी; पण स्टुटगार्टच्या संग्रहालयात सगळ्यांच्या कार्डावर एकच मजकूर: ‘सुफलनदेवी, मंदिरातील’. एकसष्ट सालचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं, आणि बाहुल्या धुऊन त्यांवर नंबर घालणारी स्नेहलता मोघे आतल्या आत धुमसत होती.

शब्दकोश मांडीवर घेऊन तिने उत्खननाची वही वाचली होती. तीत दोन जागा होत्या, देवळाचा चौथरा आणि चुलींमागचा राखेचा उकिरडा.

“उकिरड्यात सापडलेल्या बाहुल्या घरात पुजून, काम झाल्यावर मोडून टाकलेल्या असणार,” ती ब्रेमरना म्हणाली.

“असतीलही. कुठल्या त्या, फ्राऊ मोघे?”

“बघून सांगते,” म्हणत ती पेट्यांकडे वळली, आणि तिला आठवलं. जागेच्या चिठ्ठ्या मूळ पेट्यांत होत्या, आणि पेट्या पहिल्याच आठवड्यात तिने आवरल्या होत्या. देव्हाऱ्यात खंडित मूर्ती ठेवायची नाही, ही घरची सवय; हात आपसूक चालले. धडक्या एका पेटीत, मोडक्या दुसरीत, चिठ्ठ्या रबर लावून पाकिटात. कुठली चिठ्ठी कुठल्या बाहुलीची, हे आता कळणार नव्हतं. ब्रेमरनी नीटनेटकेपणाचं कौतुकही केलं होतं.

“अहो, पुरावा मीच आवरून टाकला,” संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

श्यामकांत डॉक्टरेट करत होता. “सॅम्पलची लेबलं काढलीस? आमच्या लॅबमधून हाकलतात त्याबद्दल.”

“मीठ वाढू, की जखमेवर टाकलंत तेवढं पुरे?”

“गप्प बस ना. कोण विचारतंय?”

पण गप्प बसलं की त्या सगळ्या कायमच्या देवी. सकाळी तिने एका कार्डावरचं ‘मंदिरातील’ खोडलं, वर लिहिलं: ‘जागा अज्ञात. चिठ्ठ्या काढल्या: मोघे’, आणि ते ब्रेमरांपुढे ठेवलं. ते लालबुंद झाले.

“म्हणजे तुमचा उकिरडाही गेला.”

“हो. आणि तुमचं मंदिरही.”

त्यांनी कार्ड बराच वेळ उलटंसुलटं केलं, मग ‘देवी’ खोडून ‘स्त्री’ लिहिलं. “एकशेचाळीस कार्डं. शुक्रवारपर्यंत. तुम्हीच टाइप करा.”

ती मशीनवर बसली. आपल्या वेंधळेपणाखाली एकशेचाळीस वेळा आपलंच नाव. आणि चुलीचं एकदाही नाही.