बॉनेटवरची पाच बोटं

हळदीचा डाग उन्हानं जातो आणि कुंकवाचा डाग उन्हानंच बसतो, हे शंतनूला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. तुळजापुरात राहून, सतराव्या वर्षी, लोकांच्या नव्या कोऱ्या गाड्या पुसता पुसता ते त्याला कळलं होतं.

नवी गाडी घेतली की आधी देवीच्या पायाशी आणायची, ही इकडची रीत. सोलापूर, लातूर, पार कलबुर्गीकडून गाड्या येत. पार्किंगच्या मैदानात पुजारी पूजा सांगत, चाकाखाली लिंबं फुटत, नारळाचं पाणी बंपरवरून ओघळे आणि घरातली सवाष्ण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढी. मग माणसं दर्शनाच्या रांगेत जाऊन उभी राहत आणि गाडी चार-पाच तास उन्हात तापत पडे. ती परत येईपर्यंत स्वस्तिक रंगात मुरलेलं असे. पांढऱ्या गाडीवर तर ते कायमचं गुलाबी होऊन बसे. देवीचं कुंकू, त्यामुळं तक्रार करायचीही चोरी. पण महिनाभरात मालक हळूच कुणाला तरी विचारायचा, हे निघंल का हो?

ते काढून देणारा गावात कुणी नव्हता. धुणारे होते, पण धुण्यानं ते जात नसे. शंतनूनं अकरावीच्या वर्षात हे हेरलं. भंगारवाल्याकडून एक जुनं पांढरं बॉनेट त्यानं घरी आणलं, गच्चीवर उन्हात टाकलं आणि त्यावर कुंकवाची बोटं ओढून महिनाभर ती काढायचा सराव केला. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, सोलापूरहून आणलेलं रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, हरभऱ्याएवढं घ्यायचं आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. कुंकू तो देवघरातल्या करंड्यातून उचली. स्वतःच्या कपाळासाठी त्या करंड्याला हात लावून आईला पाच वर्षं झाली होती. वडील अंबादास शाळेत कारकून होते. ते गेले तेव्हापासून आई, सरोजिनीबाई, विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला जात आणि उन्हाळ्यात लोकांची लोणची घालून देत.

सराव झाला, पण जागा नव्हती. हे काम उन्हात करता येत नाही. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश सुकतं आणि रंगावर ढगासारखे पांढरट पट्टे धरतात. सावली पाहिजे आणि पाण्याचा नळ पाहिजे. दोन्ही होतं ते दिग्विजयदादाच्या पार्किंगच्या कोपऱ्यात. दादा तामलवाडीचा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला त्याची जमीन, तुळजापुरात लॉज आणि लॉजला लागून हे मैदान. कोपऱ्यात पत्र्याचं एक शेड रिकामं पडलेलं होतं. शंतनू तीन वेळा त्याच्या दारात जाऊन काही न बोलता परत आला, चौथ्या वेळी कसंबसं बोलला. कारकुनाचं पोरगं गाड्या पुसणार म्हणून दादाला आधी हसू आलं. मग म्हणाला, पावसाळ्यापर्यंत वापर. काम दिसलं तर पुढंबी तुझंच.

काम दिसू लागलं होतं. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार तो सकाळी शेडमध्ये असे. पुजारीच गिऱ्हाईक पाठवू लागले. आईनं दोन-तीनदा म्हटलं, मला दाखव की एकदा, कुठं करतोस ते. तो आज-उद्या करत राहिला. आई मेसमधून परस्पर येणार, साडीला फोडणीचा वास, आणि तिथं गाड्यांतून उतरणाऱ्या बायका. त्यानं असं मनात नीट मांडलं नव्हतं इतकंच.

जूनच्या पहिल्या रविवारी दादाचा ड्रायव्हर गुंडप्पा त्याची मोठी पांढरी गाडी घेऊन आला. दादाच्या मुलीला, सृष्टीला, बघायला पाहुणे यायचे होते, मालकांनी आतून-बाहेरून चकाचक करायला सांगितलंय, असं त्यानं कळवलं आणि तो लॉजच्या व्हरांड्यात जाऊन आडवा झाला. एक गोष्ट सांगायची तो विसरला.

बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेजवळ एक फिकट गुलाबी डाग होता. पाच बोटं आणि तळवा. लहान हात, करंगळी जराशी बाहेर वळलेली. चार वर्षांचं ऊन खाल्लेलं कुंकू होतं ते. इतका जुना डाग शंतनूनं कधी काढला नव्हता. त्याला उमेद आली. बाकीची गाडी तासाभरात उरकली आणि मग त्या एका हातावर तो दोन तास राबला. बोटं एकेक करून गेली. करंगळी सगळ्यात शेवटी गेली. त्यानं आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दादाला पाठवले आणि खाली लिहिलं, ‘फार जुना डाग होता, पूर्ण काढला. हे माझ्याकडून.’

पंचवीस मिनिटांत दादा हजर झाला. सोबत बायको, राजेश्वरीवहिनी. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. बॉनेटच्या त्या जागेवर तळहात ठेवून तो नुसता उभा राहिला.

तो त्याच्या आईचा, मथुराबाईंचा हात होता. चार वर्षांपूर्वी ही गाडी पूजेला आणली तेव्हा त्या आजारी होत्या. स्वस्तिक काढायला हात स्थिर राहीना, म्हणून कुंकवात सगळा हातच बुडवून त्यांनी बॉनेटवर टेकवला होता. त्याच दिवाळीत त्या गेल्या. तेव्हापासून गुंडप्पा तेवढी जागा सोडून गाडी धुवायचा. गाडी विकायचा विषय दादा घरात काढू देत नसे. हे सगळं वहिनींनी सांगितलं. सांगताना त्या शंतनूकडं बघत नव्हत्या.

दादानं गुंडप्पाला विचारलं. गुंडप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, देवीशप्पथ, पोराला बजावून सांगितलं होतं. वीस वर्षं चाकरीत असलेल्या ड्रायव्हरापुढं तीन महिन्यांपूर्वी आलेल्या पोराचं कोण ऐकणार.

“दादा,” तो म्हणाला, “मला वाटलं डाग आहे.”

“डाग,” दादा म्हणाला. मग बायकोकडं वळून, “आईकलंस का? आयचा हात ह्याला डाग वाटला.”

मैदानाच्या तोंडाशी बसणारा पानवाला उठून आला. दोन पुजारी आले. दादानं विचारलं, घरी मोठं कोण हाय? आई आहे, असं शंतनू म्हणाला.

“बोलव तिला.”

खरं म्हणजे त्याला बादली उचलून निघून जाता आलं असतं. कंपाउंडचे डबे, चार टॉवेल, एक ब्रश. एका पिशवीत मावेल एवढाच पसारा. पण वर पत्र्याची सावली होती, मागं नळ होता आणि पावसाळा पंधरा दिवसांवर होता. त्यानं फोन लावला. आईनं तो कोपरानं उचलला असावा, कारण आवाज लांबून येत होता. कैरीच्या फोडींना मसाला लावणं चाललं होतं.

“आई, शेडवर येतेस का? मालक आलेत. तुला भेटायचं म्हणतात.”

“मला? कशाला रे?”

“ये तर खरं.”

काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ती आलीच असती. फक्त वेगळी आली असती.

ती साडी बदलून आली. दंडाला घाम, चालीत लगबग आणि एका हातात झाकलेली वाटी. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ताजं लोणचं आणलं होतं. हात धुतलेले होते, पण तेलातली हळद पाण्याला दाद देत नाही. तिनं दादाला नमस्कार केला, वहिनींची चौकशी केली आणि म्हणाली, तुमच्यामुळं पोराला सावली मिळाली, फार उपकार झाले. कुणी तिच्याकडं धड वळूनही पाहिलं नाही. ते मोठ्या माणसांचं असंच असतं, असं तिला वाटलं असणार. मग तिनं गाडी पाहिली. पत्र्यात शेडचे वासे दिसत होते, ती स्वतः दिसत होती.

“हे तू केलंस?” असं म्हणत तिनं, न्हाऊन आलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, बॉनेटवर हात ठेवला.

हात उचलला तेव्हा पांढऱ्या पत्र्यावर पिवळी पाच बोटं उमटली होती.

वहिनींनी आधी ती बोटं पाहिली, मग आईचं मोकळं कपाळ, आणि नवऱ्याला हळू म्हणाल्या, “अवो, घरात कार्य ठरायलंय. ह्यांचा हात… आधी पुसून घ्या.” हळू म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

दादाला काहीतरी सुचलं. सुचलं ते सगळ्यांना दिसलं.

“पूस,” तो शंतनूला म्हणाला. “माझ्या आयचा पुसलास तसा. दोन तास लागले व्हते न्हवं? आतासुदिक घाई करू नगंस. मी थांबतो.” आणि जरा वेळानं म्हणाला, “शेड पाहिजे ना तुला?”

आईला यातलं निम्मंच कळलं. तिला कळलं ते एवढंच, की आपल्या हातानं पोराचं काम बिघडलं. अगंबाई, तेलाचा हात लागला, माझंच चुकलं, असं पुटपुटत ती पुढं वाकली आणि पदराचं टोक पत्र्याला लावू लागली.

“आई, पदर नको लावूस,” शंतनू म्हणाला. “ओरखडे पडतात.”

वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याला ते ऐकू आलं. आई सरळ झाली. पदर तिनं पोटाशी धरला.

ही कुंकवाची बोटं नव्हती. गाडी दुपारभर उन्हात लावली असती तर हळद आपोआप उडून गेली असती, मागं राहिलेलं तेल कुणीही धडुत्यानं टिपलं असतं. हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तसं म्हणायला त्याला एक श्वास पुरला असता. त्यानं मऊ टॉवेल घेतला, घडी घातली, कोपऱ्यावर कंपाउंड घेतलं आणि करंगळीपासून सुरुवात केली.

करंगळी गेली. तिच्या शेजारचं गेलं. आई तिथंच उभी होती, वाटी दुसऱ्या हातात धरून, कारण जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. एक पुजारी देवळाकडं बघत उभा राहिला. शंतनू सरळ झाला तसा दादा म्हणाला, “आंगठा ऱ्हायलाय.” अंगठ्याची पुसट कड खरंच राहिली होती. तो पुन्हा वाकला.

सगळं झाल्यावर दादानं मान तिरपी करून पत्रा उजेडात पाहिला. एका आईचा हात गेलेली जागा आणि दुसरीचा गेलेली जागा, वीतभराच्या अंतरावर, सारखीच लखलखत होती.

“चांगलं काम करतूस,” तो म्हणाला. मग डोळे पुसत तो गाडीत जाऊन बसला.

आईनं वहिनींपुढं वाटी धरली. वहिनी चढता चढता म्हणाल्या, राहू द्या. शेवटी ती गुंडप्पानं घेतली, झाकण काढून एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, “मीठ घालायचं इसरलाव बाई.”

“अर्ध्यातून उठले ना,” आई म्हणाली.

ती एकटी घरी गेली. शंतनू सोबत निघाला नाही. सामान आवरायचं आहे, असं म्हणाला. संध्याकाळी दादाचा निरोप आला. पुढच्या रविवारी पाहुण्यांच्या दोन गाड्या पाठवतो, शेडला कुलूप लावून घे, चावी तुझ्याकडंच ठेव. घरी त्यानं चावी खुंटीला अडकवली. ही कशाची चावी, असं आईनं विचारलं नाही. मीठ घालून लोणचं बरण्यांत भरलं आणि ज्यांचं त्यांना पोचवलं.

शुक्रवारी सकाळी ती त्याला वाढत होती. भाकरी ताटात टाकली, पण हात मागं घेतला नाही. तळवा त्याच्यासमोर उताणा धरला. बोटांच्या पेरांत आणि रेषांत हळद अजून पिवळी होती.

“तुझ्याकडं ते डागाचं औषध असतं ना,” ती म्हणाली. “यानं जाईल का रे हे? मेसमधल्या बायका हसतात. म्हणतात, सरोजिनीबाई, कुणाच्या हळदीला जाऊन आलात?”

शंतनूनं ताटातून मान वर केली नाही.

“उन्हात धर,” तो म्हणाला. “आपोआप जातं.”

“व्हय?” आई म्हणाली. “मग औषध कशाला वाया घालवायचं.”

त्याचं जेवण झाल्यावर तिनं ताट घासलं, ओटा पुसला आणि ती गच्चीवर गेली. तो चावी घ्यायला उठला तेव्हा जिन्याच्या दारातून त्याला ती दिसली. त्या भंगारातल्या बॉनेटशेजारी पाय पसरून बसली होती आणि एक हात पुढं करून, कुणी काही ठेवावं तसा, उन्हात धरून होती.