तुळईवरची काच

सोमवारी सकाळी काच तडकलेली दिसली आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला.

काच म्हणजे बोटभर लांबीची साधी पट्टी. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, छताखालच्या तुळईला एक भेग पडली होती. त्या भेगेवर तिनेच ती पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली होती. भेग रुंदावली की काच फुटते, एवढं सोपं. ती विद्यापीठाच्या बांधकाम विभागात अभियंता होती. जुन्या दहा इमारती पाडून नव्या कुठल्या क्रमाने बांधायच्या, तो आराखडा तिच्याच हातचा. त्यात पहिला नंबर या इमारतीचा. शेजारी नवी इमारत उभीही राहिली होती, पण जुनीतलं बिऱ्हाड काही हलत नव्हतं.

तिने दुसरी पट्टी चिकटवली. नऊ दिवसांत तीही गेली.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला, मग चष्मा काढून बघितला.

"दीड आठवड्यावर परीक्षा आल्यात. त्या आटपल्या की लगेच हलवू."

"भेगेला परीक्षेचं वेळापत्रक कुठे माहीत आहे, साहेब?"

"मॅडम, पंचावन्न वर्षं उभी आहे ती. अजून महिनाभर काढेल."

"मग तसं लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिलं नाही. तिच्यासाठी चहा मागवला.

पण खरं घोडं अडलं होतं ते ताईंपाशी. ताई म्हणजे तिची थोरली नणंद, आणि वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख. त्या तुळईच्या बरोब्बर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, विभागाचा संग्रह होता. जाड कागदांवर टाचलेल्या अठ्ठावीस हजार वाळलेल्या वनस्पती, लोखंडी कपाटांत रचलेल्या. इमारत बांधली तेव्हा ती नुसती वर्गाची खोली होती. कपाटं एकेक करत वाढत गेली. तुळईला कुणी विचारलं नाही.

ताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तिला नव्या इमारतीत नेलं आणि म्हणाल्या, "हात लाव भिंतीला."

भिंत गार होती. तळव्याला ओल लागली.

"गिलावा अजून वाळलेला नाही. इथे माझे कागद आणले तर महिन्याभरात बुरशी. त्यातल्या चाळीस वनस्पती आता कुठे उगवतच नाहीत. त्या जगात फक्त माझ्या कपाटात उरल्यात."

"आणि खाली मुलं बसतात, ताई."

"तू म्हणतेस पडेल. बरं. कधी पडेल?"

बेरीज-वजाबाकी करून ती इतकंच सांगू शकत होती, की तुळईने झेपेल त्याहून जास्त उचललंय. कधी टाकेल, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

रविवारी ताई जेवायला आल्या. वाढून होईपर्यंत दोघी हवापाण्यावर बोलल्या. मग तिनेच विषय काढला, ताईंचा घास हातात राहिला आणि नवऱ्याने पाण्याचा तांब्या उगाचच या बाजूचा त्या बाजूला ठेवला.

"तुम्ही दोघी एकमेकींना कागद पाठवा," तो म्हणाला. "मला भात तरी गिळू द्या."

"तुझ्या बायकोला वाटतं मी पोरांच्या जिवावर उठलेय."

"असं मी म्हटलेलं नाही, ताई."

"म्हणायला कशाला हवं? तोंडावर दिसतंय."

त्या आठवड्यात तिचं कशातच लक्ष लागेना. दूध उतू गेलं. दंतवैद्याच्या खुर्चीत आ करून पडलेली असतानाही ती त्याच्या छताचे सांधे मोजत होती. दिवसातून तीन-तीनदा प्रयोगशाळेत चक्कर. मुलं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेली आणि ही त्यांच्यामागे शिडीवर, भेगेत मोजपट्टी सरकवत. मुलांनी तिचं नावच मोजपट्टी पाडलं. "मोजपट्टी आली रे," कुणीतरी कुजबुजायचं, आणि सगळ्या माना एकदम वर व्हायच्या. त्या माना बघितल्या की ती पुन्हा एकदा मोजायची.

गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षेचा पहिला दिवस. बुधवारी मोजलं तेव्हा भेग आणखी एक मिलिमीटर वाढली होती. गुरुवारी ती सात वाजताच विभागाच्या दारात पोचली, कुलूप घातलं, पुठ्ठ्यावर 'धोका. प्रवेश बंद' असं लिहून कडीला अडकवलं आणि पायरीवर बसून राहिली. असं करायचा अधिकार तिला नव्हता. तो साहेबांचा. किल्ली तिने मुठीत धरून ठेवली.

आठ वाजेपर्यंत साठ मुलं अंगणात जमली. मग ताई आल्या. त्यांनी पुठ्ठा वाचला, हात पुढे केला.

"किल्ली."

"नाही देणार, ताई."

"इथे मला ताई म्हणू नकोस. अभियंता म्हणून सांग. आज पडणार आहे का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "उद्या पडेल का, तेही माहीत नाही. ते माहीत नाही म्हणूनच तर कुलूप घातलंय. माहीत असतं तर आदल्या दिवसापर्यंत तुमचे वर्ग चालू दिले असते."

ताईंनी पुठ्ठा पुन्हा एकदा वाचला. मग मुलांकडे वळल्या.

"ग्रंथालयाच्या व्हरांड्यात टेबलं लावा. सूक्ष्मदर्शक प्राणिशास्त्राकडून उसने मागा. माझं नाव सांगा." आणि तिच्याकडे न बघताच पुढे म्हणाल्या, "माझा संग्रह कसा बाहेर काढायचा, ते आता तू सांगायचंस."

साहेब दहाला आले. कुणाला विचारून कुलूप घातलं, एवढं एकच वाक्य त्यांनी चार तऱ्हांनी म्हटलं. कारणे दाखवा नोटीस दुपारी हातात पडली. पण एकदा कुलूप लागल्यावर ते काढायला लावण्याची हिंमत त्यांनाही झाली नाही.

दोन दिवस तुळईखाली लोखंडी टेकू लावण्यात गेले. मग तिने नियम घातला: वरच्या खोलीत एका वेळी तिघंच, आणि कपाटं अजिबात ओढायची नाहीत, जागच्या जागी रिकामी करायची. त्या तिघांत ताई रोज होत्या. गठ्ठे छातीशी धरून जिना उतरायचे आणि थेट व्यायामशाळेत न्यायचे. विद्यापीठाच्या आवारात, तळमजल्यावर, कोरडी म्हणावी अशी तेवढीच मोठी जागा होती. अकरा दिवस लागले. शेवटचा गठ्ठा खाली आला तेव्हा तिने वरच्या खोलीला कुलूप घातलं.

महिन्याभराने यंत्रं आली. दोघी पत्र्याच्या कुंपणाबाहेरून बघत होत्या. भिंती सहजासहजी पडेनात. यंत्राचा दात बसायचा, नुसती धूळ उडायची. बघ्यांतला एकजण म्हणाला, "ही म्हणे आपोआप पडणार होती." तिचे कान तापले.

तुळई मोकळी झाली तेव्हा तिने पाडकामाच्या मुकादमाला ती वेगळी ठेवायला सांगितलं. आतल्या सळ्या गंजून मधोमध पेन्सिलीएवढ्या उरल्या होत्या.

"किती दिवस टिकली असती?" ताईंनी विचारलं.

मुकादमाने गंज नखाने खरवडला. "बाई, याहून वाईट सळ्यांवर दहा वर्षं उभ्या राहिलेल्या इमारती बघितल्यात. आणि याहून बऱ्या सळ्यांच्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत खाली बसल्या."

तिला वाटलं होतं सळ्या बघितल्या की जिवाचा घोर जाईल. गेला नाही. नोटिशीचा निकाल लागला: सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंदीसह. तेही तिने वाचलं आणि खणात टाकलं.

एका शनिवारी ती व्यायामशाळेत डोकावली. ताई जमिनीवर बसून मऊ कुंचल्याने एक पान झाडत होत्या. शेजारी आणखी गठ्ठा होता. प्रत्येक कागदाच्या कडेला करडी लव.

"बुरशी?"

"चारशेच्या आसपास. न्हाणीघराच्या भिंतीला लागून ठेवलेले." ताईंनी मान वर केली नाही. "त्या चाळीस वनस्पतींतल्या तीन गेल्या."

इथे आणायचं तिनेच सुचवलं होतं. ती खाली बसली. ताईंनी दुसरा कुंचला तिच्याकडे सरकवला आणि कसा धरायचा ते दाखवलं: देठाकडून टोकाकडे, हलक्या हाताने, फुंकर मारायची नाही. तासभर दोघी झाडत राहिल्या.

"मला राग आला होता तुझा," ताई म्हणाल्या. "अजून थोडा आहे."

"असू दे."

"यादीत पुढची कुठली?"

"रसायनशास्त्र. जिन्याजवळच्या खांबाची काच परवा फुटली."

ताईंनी पान कागदात गुंडाळलं, दोरी बांधली, गाठ दोनदा तपासली.

"तिथले प्रमुख माझ्यापेक्षा अवघड आहेत," त्या म्हणाल्या. "सोमवारी त्यांच्याकडे जाशील तेव्हा मला बोलाव. एकटी जाऊ नकोस."